तारण कुणाचं, स्तुती कुणाच्या मराठीत?

मराठीत 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी हमखास कानावर पडतो: बँकेत आणि चर्चमध्ये. बँकेत आपण दागिना किंवा जमीन तारण ठेवतो, मग कर्ज मिळतं. चर्चमध्ये आपलं तारण होतं आणि त्याबद्दल देवाची स्तुती करायची असते. पहिल्या ठिकाणी काही ठेवल्याशिवाय काही मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळा जोर नेमका उलट गोष्टीवर असतो: ठेवायला हातात काहीच नव्हतं, तरी मिळालं. ख्रिस्ती उपासनेतल्या स्तुतिगीतांचा गाभा हाच आहे. देवाची दया कमावता येत नाही, म्हणून तिची परतफेडही नाही. फक्त आभार मानता येतात.

आता प्रश्न असा, की हे आभार मराठीत मानायचे ठरले तेव्हा ते कुणाच्या मराठीत मानले गेले? आणि ज्यांनी ती गाणी गायली, त्यांच्या रोजच्या जगण्यात 'दया' या शब्दाचं वजन काय होतं?

सुरुवात गोव्यापासून करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत. सासष्टीतले नवख्रिस्ती पुराणं ऐकत मोठे झाले होते, त्यांची ती सवय मोडून चालणार नव्हतं. म्हणून स्टीफन्सने त्यांना पुराणच दिलं, आणि स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हटलं. त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरी हस्तलिखितं उरली. देवनागरीतलं एक हस्तलिखित तर इथे लंडनमध्ये आहे. विल्यम मार्सडेनने आपला संग्रह १८३५ साली किंग्ज कॉलेजला दिला. तो पुढे आजच्या सोआसकडे आला. त्यातलं हे हस्तलिखित विसाव्या शतकात जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनरी अभ्यासकाने ओळखलं. मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरं करणारे अॅबट ते हेच.

दुसरा टप्पा मुंबई आणि अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला पोचले. त्यांनी आपली इंग्रजी गीतं मराठीत आणली आणि चालीही त्याच ठेवल्या. इथे एक तांत्रिक घोटाळा झाला. इंग्रजी गीत आघातावर चालतं, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. चाल तीच ठेवली की लांबलेला सूर अनेकदा ऱ्हस्व अक्षरावर येऊन बसतो आणि शब्द ओळखू येईनासा होतो. माणूस देवाचे आभार तर मानतोय, पण कोणत्या शब्दांत, हे शेजारच्याला कळत नाही! १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, ते या पार्श्वभूमीवर. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, मृदंग सगळं ओळखीचं; कथा मात्र येशूची.

नारायण वामन टिळकांना ही वाट तयार मिळाली. कोकणात १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त राजा किंवा न्यायाधीश म्हणून कमी येतो. गुरू आणि माउली म्हणून जास्त येतो. फरक छोटा वाटेल, पण छोटा नाही. राजाची दया म्हणजे माफी: गुन्हा कबूल करा, शिक्षा टळेल. माउलीच्या दयेत हिशेबच नसतो. मूल आईकडे अर्ज करत नाही, रडतं. टिळकांनी दयेची कल्पनाच कचेरीतून उचलून घरात आणली.

पंडिता रमाबाईंचा प्रवास बरोबर उलटा झाला. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून त्या तिथल्या सिस्टरांशी वाद घालत होत्या. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, त्यांना हे शोभूनही दिसलं. पण पुढे केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं, तेव्हा त्याच संस्कृतकडे पाठ फिरवली. खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती, आणि वेदान्ताचा वास असलेले शब्द टाळायचे होते. १९२२ साली, मरणाच्या अगदी आधी, त्यांनी काम पूर्ण केलं. १९२४ साली ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. टिळकांना परंपरेतला गोडवा हवा होता. रमाबाईंना त्याच परंपरेतून सुटका. दोघंही ब्राह्मण घरातले, दोघांनाही देवाच्या दयेबद्दलच बोलायचं होतं, तरी मराठी दोन वेगळ्या निघाल्या.

इथवर आपण लिहिणाऱ्यांबद्दल बोललो. गाणाऱ्यांचं काय? नगर भागातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. त्यातले कित्येकजण १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आले. केडगावच्या कितीतरी मुली १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी आणलेल्या. यांच्यासाठी दया ही उपमा नव्हती. दया म्हणजे धान्य, अंगावर कपडा, शाळेत जागा. म्हणूनच विरोधक म्हणत, हे लोक पोटासाठी गातात. मिशनरीही अहवालात धास्तावून लिहीत, की खरे किती आणि भुकेचे किती?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. उपाशी माणसाला भाकर मिळाली आणि त्याने देवाचे आभार मानले, तर त्यात पोट कुठे संपतं आणि भक्ती कुठे सुरू होते, हे कागदपत्रांतून मोजता येत नाही. खुद्द स्तोत्रसंहितेतल्या आभारगीतांत भुकेल्यांचं पोट भरणं आणि कैद्यांची सुटका या गोष्टी आत्म्याच्या तारणाशेजारीच बसलेल्या आहेत. पोट आणि आत्मा वेगळे करायचा आग्रह सहसा पोट भरलेल्यांचाच असतो.

पण दुसरा प्रश्न टाळता येत नाही. दया करणारा वर असतो, घेणारा खाली. गावात जोहार घालून जगलेल्या माणसाला पुन्हा एकदा 'दया कर' म्हणायला लावणं, हे तारण की जुनीच सवय? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी दया म्हणून मागितलं गेलं नाही, हक्क म्हणून घेतलं गेलं. त्यानंतर दयेची भाषा अनेकांना संशयास्पद वाटू लागली, आणि तो संशय रास्त होता.

यावर या गाण्यांच्या आतच एक उत्तर आहे, असं मला वाटतं. कृपा कमावता येत नसेल, तर ती ब्राह्मणालाही कमावता येत नाही. देवापुढे सगळ्यांचे हात सारखेच रिकामे. एकाच बाकावर बसून हे म्हणणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शिवाशिवीचे संस्कार सुटायला किती वर्षं लागली, हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त कसलाही आव न आणता सांगितलं आहे. पण हे उत्तर तेव्हाच टिकतं, जेव्हा देवाची दया आणि माणसांची मेहेरबानी यांची गल्लत होत नाही. टिळकांनाही ही गल्लत खुपली असावी. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र, परदेशी बोर्डाच्या पगाराशिवाय. दोनच वर्षांनी ते गेले, आणि दरबारही फार टिकला नाही. अभंग मात्र टिकले. आजही ते मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायले जातात, आणि गाणाऱ्यांत नगरच्या त्या पहिल्या कुटुंबांचे वंशज असतात.

म्हणून 'तारण' शब्दाचे ते दोन अर्थ मला शेजारी ठेवावेसे वाटतात. नगर-पुणे पट्ट्यात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्याच मुलखात, त्याच दशकांत, काही माणसं अशा देवाची गाणी म्हणत होती जो काहीही गहाण न ठेवता सोडवतो. त्यांना या गाण्यांत नेमकं काय ऐकू येत असेल, याचा विचार केला तर ती गाणी फक्त धर्माच्या इतिहासात ठेवून भागणार नाही.