तासाचें मोल

मराठी मुलखांत चाकरीला ठेवलेला माणूस सालदार असतो, महिनदार असतो, नाहीं तर रोजंदार. सालदाराला निदान वर्षभर तरी उद्यांची विवंचना नसते. रोजंदाराला ती रोज संध्याकाळीं घेरते. पण ज्याची मजुरी तासावर मोजली जाते त्याला तसें रूढ नांव या भाषेंत नाहीं. अमेरिकेंत मात्र एकाच नांवाच्या शेंकडों शाखा चालविणाऱ्या उपाहारगृहांनीं असा तासाचा माणूस लाखांनीं निर्माण केला.

आरंभीं तो तासाचा नव्हताच. फ्रेड हार्वे यानें १८७६ सालीं कॅन्सस संस्थानांत टोपीका येथें सांता फे रेल्वेच्या स्टेशनावर उपाहारगृह काढलें, आणि त्या लोहमार्गानें त्याच्या शाखा पश्चिमेस पसरल्या. १८८३ मध्यें न्यू मेक्सिकोंतील रॅटन येथल्या पुरुष वाढप्यांना काढून त्यानें तरुण अविवाहित मुली नेमल्या. पगार महिना १७.५० डॉलर, शिवाय जेवण, राहण्यास जागा आणि गिऱ्हाइकांची बक्षिशी. शिस्त करडी, रात्रीं ठरल्या वेळेच्या आंत वसतिगृहांत परतलेंच पाहिजे. गाडी थांबे तेवढ्या अर्ध्या तासांत साऱ्या उतारूंचें जेवण उरकावयाचें, म्हणून एक मुलगी काय हवें तें विचारून पेला उलटा किंवा सुलटा ठेवून जाई, आणि मागून येणारी दुसरी तो पाहून, एक शब्दहि न विचारतां, कॉफी वा चहा ओती. हें कसब होतें. आणि कसबी माणसाला सहज काढून टाकतां येत नाहीं.

१९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंनीं नेमकें हें कसबच काढून टाकलें. त्यांचें उपाहारगृह उत्तम चाललें होतें. तरी तें कांहीं महिने बंद ठेवून, मोटारीपाशीं ताटें नेणाऱ्या सुमारें २० मुलींना त्यांनीं निरोप दिला. चिनी मातीचीं भांडीं जाऊन कागद आला, पदार्थ ९ च उरले, हॅम्बर्गरची किंमत १५ सेंटांवर आली. स्वयंपाकी म्हणावा असा कोणी राहिला नाहीं: एकानें मांस भाजावयाचें, दुसऱ्यानें पावावर कांदा-मोहरी घालावयाची, तिसऱ्यानें गुंडाळावयाचें. पुढें नवें स्वयंपाकघर बांधण्यापूर्वीं त्यांनीं टेनिसच्या मैदानावर खडूनें त्याचा आराखडा काढला व नोकरांना त्यांत फिरावयास लावलें. कोणाचें पाऊल व्यर्थ पडतें हें पाहून यंत्रांच्या जागा ठरल्या. युक्ति अजोड, यांत शंका नाहीं. परंतु जें काम थोडक्या दिवसांत शिकतां येतें, तें करणारा माणूसहि तितक्याच दिवसांत बदलतां येतो. गर्दीच्या तासाला त्याला बोलवावें, गर्दी ओसरली कीं घरीं पाठवावें.

कायद्याचें छत्र उशिरां आलें. १९३८ च्या कायद्यानें ताशीं किमान २५ सेंट मजुरी ठरविली, पण उपाहारगृहांतील बहुतेक नोकर त्यांतून वगळले गेले. १९६६ च्या दुरुस्तीनें त्यांना आंत घेतलें, तें मालकांना एक सवलत देऊनच: बक्षिशी मिळविणाऱ्याच्या किमान वेतनापैकीं अर्धा भाग बक्षिशींतून वळता करावा. १९९६ मध्यें मालकाच्या वांट्याची रक्कम ताशीं २.१३ डॉलरवर गोठविण्यांत आली, आणि मध्यवर्ती कायद्यांत ती आजहि तेवढीच आहे. कांहीं संस्थानांनीं ती वाढविली, हें खरें. बक्षिशी धरून ७.२५ डॉलर भरले नाहींत तर तूट मालकानें द्यावी, असाहि नियम आहे. पण मागावयाची कोणाकडे? पुढल्या आठवड्याचे तास वांटून देणें ज्याच्या हातीं, त्याच्याकडेच!

२९ नोव्हेंबर २०१२ रोजीं न्यूयॉर्क शहरांत अशा दुकानांतील सुमारें २०० नोकरांनीं काम बंद ठेवलें. ताशीं १५ डॉलर आणि संघटनेचा हक्क, ही मागणी. त्या वेळचें किमान वेतन ७.२५ डॉलर होतें, तेव्हां ती अनेकांना वेडगळ वाटली यांत नवल नाहीं. तरी त्या शहरांत २०१८ च्या अखेरीस ती मान्य झालेली दिसली, आणि १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियांत ६० किंवा अधिक शाखांच्या दुकानांना ताशीं २० डॉलर द्यावे लागले.

दर वाढला, तास कोणाला किती आणि केव्हां, हा तंटा निराळा. मध्यरात्रीं दुकान बंद करणारानेंच पहाटें तें उघडावें, अशी रीत पडली होती. झोंप घेण्यासाठीं घर गांठण्यांतच अर्धी रात्र सरे. न्यूयॉर्क शहरानें नोव्हेंबर २०१७ पासून निर्बंध घातला कीं पाळ्यांचें पत्रक १४ दिवस आधीं हातीं द्यावें, आणि दोन पाळ्यांमध्यें ११ तासांहून कमी विसांवा मिळत असेल तर नोकराची लेखी संमति घ्यावी व त्याला १०० डॉलर वेगळे मोजावे.