एका पातळ दोरीची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या मिक्सरचं झाकण उडालं, चटणी भिंतभर. दुकानदार बायकोला म्हणाला, "वहिनी, झाकण दाबून धरायचं होतं ना!" म्हणजे चूक आपलीच. तेव्हापासून एक जुनी बातमी डोक्यात घोळतेय.

नोव्हेंबर २००६. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'वी' हे व्हिडिओ गेमचं यंत्र अमेरिकेत आणलं. तोवर गेम म्हणजे सोफ्यावर बसून अंगठ्याने बटणं दाबणं. इथे टीव्हीच्या रिमोटसारखा कंट्रोलर धरून खरोखर हात फिरवायचा. आतला सेन्सर तो झटका टिपायचा. सोबतच्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये बेसबॉलही होता. तीन इनिंगचा सामना. धावणं, झेल घेणं गेम स्वतःच करायचा. आपण फक्त बॅट फिरवायची आणि चेंडू टाकायचा.

बेसबॉल उगाच निवडला नसावा. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ मध्ये तो जपानला शिकवला आणि आपल्याकडे क्रिकेट मुरलं तसा तो तिथे मुरला. निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तर १९९२ मध्ये सिएटल मरिनर्स हा अमेरिकन संघ घेताना सर्वात मोठा वाटा उचलला होता.

गंमत अशी, की सेन्सरला मनगटाचा हलका झटकाही पुरायचा. पण माणसाला तेवढ्यावर मजा येत नाही. बाहेरच्या कंपन्यांनी कंट्रोलर खोचायच्या प्लास्टिकच्या बॅटी विकल्या, त्या याच हौसेवर. लोक दिवाणखान्यात मैदानासारखे फटके मारू लागले. हात घामेजले, कंट्रोलर निसटले, मनगटाच्या दोऱ्या तुटल्या, टीव्ही फुटले.

कंपनीचा पहिला सूर आपल्या दुकानदाराचाच: एवढा जोर लावायची गरज नाही. पण ज्या यंत्राची जाहिरातच 'उठा, हात फिरवा' अशी, त्याच्या गिऱ्हाइकाला जोर लावल्याचा दोष कसा देणार?

१५ डिसेंबर २००६ ला, म्हणजे महिन्याच्या आत, कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. ०.६ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरची दोरी. ऑक्टोबर २००७ मध्ये कंट्रोलरवर चढवायचं सिलिकॉनचं मऊ कव्हरही आलं, तेही जुन्या गिऱ्हाइकांना मोफत. धंदा बुडाला का? उलट पुढे दहा कोटींवर यंत्रं खपली.

आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं स्वतंत्र प्रकरण आहे. पण आपण "जाऊ दे" म्हणून भिंत पुसतो आणि बिल कुठे ठेवलं तेही आठवत नाही.

माणूस वस्तू कशी वापरणार, याचा विचार बनवणाऱ्याने आधी करायचा असतो. आमचं बिल सापडलंय. मी तक्रार करतोय. तुमच्याकडे असं काय उडालंय, फुटलंय? सांगा खाली.