टोन मॅपिंग

टोन मॅपिंग : संगणकाने घडवलेल्या वास्तवसदृश दृश्यातील उजेड-काळोखाची अफाट तफावत पडद्याच्या तुटपुंज्या आवाक्यात बसवण्याची रीत.

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्याचे दृश्य संगणकावर उभे करायचे आहे, असे समजा. दाराबाहेर भर उन्हात प्लास्टरच्या पांढऱ्या कच्च्या मूर्ती वाळत आहेत. आत अंधूक कोपऱ्यात रंगलेल्या मूर्ती आखणीची वाट पाहत आहेत. बाहेरच्या मूर्तींची प्रखरता सुमारे 30 हजार निट (निट हे प्रखरतेचे एकक), आतल्यांची जेमतेम पाच-दहा. रोह्याला कुंडलिका नदीच्या पाण्यावर चमकणारी उन्हाची तिरीप तर बाहेरच्या मूर्तींच्याही शेकडो पट. संगणकाला हे सगळे आकडे काढता येतात, पण नेहमीचा मॉनिटर तीनशे निटच्या पुढे फारसा जात नाही. आकडे तसेच पाठवले तर दाराबाहेर नुसता पांढरा डाग उरतो. सरसकट शंभराने भागले तर आतले गणपती काळोखात बुडतात.

तरीही वाट निघते, कारण डोळा उजेड मोजत नाही, तो शेजारच्या उजेडाशी ताडून पाहतो. चित्रकारांनी हे केव्हाच ओळखले होते. सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रातला दिवा खरोखर पेटलेला वाटतो, आणि कागदाच्या पांढऱ्या-काळ्यात शंभरपटीचाही फरक नसतो!

संगणकशास्त्रात जॅक टंबलिन आणि हॉली रशमायर यांनी 1993 मध्ये कसोटी मांडली : प्रत्यक्ष दृश्य पाहणाऱ्याला जे जाणवेल, तेच पडद्यासमोरच्याला जाणवले पाहिजे. एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये छायाचित्रकारांच्या डार्करूममधल्या युक्त्यांवरून पद्धत बसवली. तिच्या मुळाशी असलेले सूत्र शाळकरी पोरालाही जमेल : तीव्रतेला, एक अधिक तीच तीव्रता, याने भागायचे. 0.1 चे 0.09 होते, 100 चे 0.99. अंधूक भाग जवळपास जागीच राहतो, झगझगीत भाग दबतो आणि उत्तर कधीच एकापर्यंत, म्हणजे पडद्याच्या कमाल उजेडापर्यंत, पोचत नाही.

काही पद्धती चित्राच्या प्रत्येक भागाला वेगळा न्याय देतात. तपशील उठून दिसतात खरे, पण हात सैल सुटला की वस्तूंच्या कडांभोवती उजळ कडे उमटते. गणपतीला न मागता प्रभावळ मिळते. छायाचित्रांतला भडक ‘एचडीआर’ (हाय डायनॅमिक रेंज) नखरा तो हाच.

नव्या एचडीआर पडद्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक 2016 मध्ये आले. त्यातल्या एका पद्धतीची कमाल मर्यादा 10 हजार निट आहे, म्हणजे उन्हातल्या त्या मूर्तींच्या एक-तृतीयांश. घरातले बहुतेक टीव्ही तिथवरही पोचत नाहीत, म्हणून टोन मॅपिंग त्यांनाही करावेच लागते.