नाव एक, बिऱ्हाडे अनेक

नवापूरचे रेल्वे स्थानक एक, पण त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत. १९६० साली राज्ये निराळी झाली, तरी पाटीवरचे नाव दुभंगले नाही. अशा गावी आम्हांस संगीतातील एका सामाईक नावाची हकीकत सांगावीशी वाटते.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास ‘गांधर्व महाविद्यालय’ स्थापिले. गाणे दरबारातून आणि बैठकीतून काढून सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांस शिकवावे, हा त्यांचा संकल्प. १९०८ साली ते मुंबईस आले व तेथेही त्याच नावाने विद्यालय उभे राहिले.

पुढे १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. त्यांनी काढली ती ‘गंधर्व नाटक मंडळी’. नावांत फरक काय तो एका कान्याचा! परंतु बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. पलुसकरांच्या विद्यालयाशी या मंडळीचे नाते नव्हते. तेव्हा नाव सारखे म्हणून कूळ एक, असे मानू नये.

मात्र या दोन्ही घरांत राहिलेला एक पुरुष होता. विनायकराव पटवर्धन हे पलुसकरांचे लाहोरचे शिष्य. पुढे ते गंधर्व नाटक मंडळीत गायक नट झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. इकडे मुंबईच्या विद्यालयाची वास्तू कर्जापायी गेली होती. १९३१ साली गुरूही निवर्तले. शिष्यांपुढे प्रश्न होता, की वास्तू नाही, गुरू नाहीत, मग नाव कोणाचे? त्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ साली विनायकरावांनी रंगभूमी सोडली आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. १९३९ साली त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत त्याच नावाची संस्था सुरू केली.

लाहोर, मुंबई, पुणे, दिल्ली : चार ठिकाणी एकच पाटी. इतिहासाच्या अभ्यासकाने यांची गल्लत करू नये, प्रत्येकीचे साल व संस्थापक निराळे नोंदवावे. परंतु यात कोणी कोणाचे नाव चोरले, असे आम्ही म्हणणार नाही. नाटक मंडळीचे नाव एका नटाच्या गळ्यावर उभे होते. विद्यालयाचे नाव शिष्यांनी वारसा म्हणून उचलले. लाहोर १९४७ साली परदेशात गेले, पण तेथे लावलेले नाव इकडे अनेक घरी नांदते आहे. वास्तूचा लिलाव होतो. विद्येचा होत नाही, हेच खरे.