परसातल्या फणसाला नाव का नाही?

पेण किंवा रोह्याकडच्या जुन्या घरी गेलो की परसदारी फणसाचे एखादे झाड भेटतेच. फणस कापा की बरका, गरे गोड की मचूळ, हे घरातल्या आजीला तोंडपाठ असते. पण झाडाची जात विचारली तर उत्तर येते, "हा आमचा विहिरीजवळचा फणस." त्याच परसातल्या आंब्याचे तसे नसते. तो हापूस असतो, नाहीतर पायरी. आंब्याला नाव आहे, मग फणसाला का नाही? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी आपल्याला चार-साडेचारशे वर्षे मागे जावे लागते.

फणस मूळचा आपल्याच पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांतला, असे मानले जाते. संस्कृतातल्या 'पनस'चा आपण फणस केला. मल्याळममधल्या 'चक्का'चा पोर्तुगीजांनी 'जाका' केला आणि त्यावरून इंग्रजांनी 'जॅक'. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळाचे वर्णन केले आहे. त्याआधी बाबराला मात्र ते रूपाने फारच विचित्र वाटले होते. झाडाला जणू मेंढीचे कोठे टांगले आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. 'आर्टोकार्पस हेटरोफायलस' हे शास्त्रीय नाव लामार्कने १७८९ मध्ये दिले. म्हणजे जातीला जगभर नावे मिळाली, पण परसातले एकेक झाड निनावीच राहिले.

आंब्याच्या नावांमागे कलमाचा इतिहास आहे. आपल्याकडचा आंबा कोयीपासून लावला तर आईसारखाच निघेल याची खात्री नसते. पोर्तुगीज काळात गोव्यात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या बागांत, भेटकलमाचा प्रसार झाला. चांगल्या झाडाची फांदी रोपाशी जुळवून वाढवली की तेच झाड पुन्हा मिळते. जे जसेच्या तसे पुन्हा मिळते, त्याला नाव देण्यात अर्थ असतो. इसवी सन १७०० च्या सुमारास निकोलाव मनुची या प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची नावे नोंदवली, त्यांत अफोन्सो हे नाव आहे. आपला 'हापूस' शब्द याच नावावरून आला. आजची हापूसची लक्षावधी झाडे म्हणजे वास्तविक मोजक्याच मूळ झाडांच्या फांद्या होत.

फणस मात्र आठळीवरच राहिला. त्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात, आणि पराग दुसऱ्या झाडांवरूनही येतात. आपण ज्याला एक फणस म्हणतो, तो शेकडो फुलांचा मिळून झालेला असतो. एक गरा म्हणजे एक फूल. साहजिकच एकाच फणसातल्या दोन आठळ्या सख्ख्या भावंडांइतक्याही सारख्या असतील असे नाही. काप्याच्या आठळीतून बरका निघू शकतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षे थांबावे लागते. शिवाय चिकामुळे फणसाचे कलम आंब्याइतके सोपे नव्हते, आणि आठळी तर पडेल तिथे रुजत होती.

या आठळीची आणखी एक गंमत आहे. ती धान्यासारखी वाळवून ठेवता येत नाही. वाळली की मरते. म्हणून फणस दूर गेला तो जिवंत रोपांच्या रूपाने. १७८२ मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडले, त्यावरची फणसाची रोपे जमैकाला पोचली. गावातल्या गावात मात्र आठळी हातोहात फिरे. विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. लहानपणीची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. परसातला फणस पिकला की आई गऱ्यांचे द्रोण भरून त्यांना घरोघर पाठवी, आणि मगच खायला देई. आम्हाला वाटते, त्या द्रोणांतून गऱ्यांबरोबर आठळ्याही गेल्या असणार, आणि काही कुणाच्या ना कुणाच्या परसात रुजल्या असणार. गावोगावचे फणस हे असे एकमेकांचे नातेवाईक असतात.

हे सारे आज लक्षात घ्यायचे कारण असे की ही झाडे तोडली जात आहेत. रस्ता रुंद होतो, घराच्या वाटण्या होतात, चाळीच्या जागी इमारत येते. हापूसचे एक झाड गेले तर नुकसान होते, पण त्याचीच फांदी दुसरीकडे जिवंत असते. आठळीचा फणस गेला की तो गुणांचा मेळ पुन्हा जमत नाही.

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याकडे आठळीपासून वाढलेला, तांबूस गऱ्यांचा फणस होता. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने त्याचे गुण तपासले, २०१७ मध्ये शेतकऱ्याशी करार केला, आणि 'सिद्दू' या नावाने त्याची कलमे सुरू झाली. कुणीतरी वेळेवर पाहिले, म्हणून त्या झाडाला नाव मिळाले.

शिक्षकांना इथे चांगला उपक्रम सापडेल. मुलांनी आपल्या आळीतल्या प्रत्येक फणसाची एक पानाची नोंद करावी: आठळी कुठून आली, कुणी लावली, कापा की बरका, फळ कधी पिकते, गऱ्याचा रंग कसा, एका फणसात आठळ्या किती. उत्तरे बहुधा आजी-आजोबांकडेच मिळतील, म्हणून उशीर करू नये. झाड खरेच गुणी निघाले तर आता त्याचे कलमही करता येते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोवळ्या रोपावर कोवळी काडी बांधतात.

आणि शक्य असेल तर एक आठळी लावावी. फळ कापल्यावर चार-पाच दिवसांतच, कायमच्या जागी, कारण सोटमूळ दुखावलेले फणसाला सोसत नाही. घरापासून आठ-दहा मीटर लांब, आणि पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. खाडीकाठची खारी जमीन टाळावी. झाड कसे निघेल हे आज कुणीच सांगू शकणार नाही. सात-आठ वर्षांनी ते कळेल. त्या वेळी लिहिता यावे म्हणून वहीत त्याच्यासाठी एक पान कोरे ठेवावे.