आपल्याच माणसांना लिहिलेली एकशे आठ पत्रं

वाईच्या दिवाणी कोर्टातून मी नाझर म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, डबा खाऊन झाल्यावर दुपारच्या सुट्टीत मी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असे. 'शतपत्रे'. एका वयोवृद्ध वकीलसाहेबांनी आपली प्रत मला दिली होती. पुठ्ठा निसटलेला, पानं पिवळी पडलेली, समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. देताना ते एवढंच म्हणाले, "नाझरसाहेब, हे गृहस्थ आपल्याच वाईला मुन्सफ होते. वाचून बघा."

गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, १८५२ साली वाईला मुन्सफ म्हणून आले. तेव्हाची इमारत आता नाही. पण गाव तेच, कृष्णेचे घाट तेच, आणि आमच्या दप्तरात येणारी कामंही त्याच जातीची: भावाभावांची वाटणी, बांधाची भांडणं, सावकाराची खतं. हा माणूस दिवसभर असल्या दाव्यांचे निकाल देत असेल आणि पुण्यात असताना त्याने लिहिलेल्या पत्रांचा राग अजून मनात धरून बसलेली माणसं त्याला घाटावर भेटत असतील, असं मला पुष्कळदा वाटायचं.

ही प्रत मी अलीकडे पुन्हा बाहेर काढली, त्याला कारण घडलं. १५ ऑगस्टची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली, मग शाळेच्या पडवीत सभा बसली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आपल्या गावात दोन स्मशानभूमी आहेत. वरच्या आळीच्या स्मशानाला पत्र्याची शेड आहे, काँक्रीटचा चौथरा आहे, रस्ता आहे. खालच्या आळीच्या, ओढ्याकाठच्या स्मशानाला यातलं काहीच नाही. दोन्ही एक करावीत, असा ठराव मी मांडतो." पडवी गप्प झाली. मग मागून आवाज आला, "आजच्या दिवशी तरी नको, अण्णा. देशाचा सण आहे." दुसऱ्याने विचारलं, "गावाची अब्रू घालवून तुम्हाला काय मिळतं?" तिसऱ्याने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझा देशाशी संबंध काय, असा त्याचा अर्थ होता. ठराव नोंदवहीत चढला नाही.

घरी आलो आणि ती प्रत उघडली. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी याच प्रश्नांना सामोरा गेलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

लोकहितवादींचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३चा, पुण्यातला. त्यांचे वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. बापू गोखले म्हणजे पेशव्यांचे शेवटचे सेनापती, २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत पडलेले. म्हणजे सेनापती गेले त्याला पाच वर्षं पुरी होताना त्यांच्या फडणिसाच्या घरी हा मुलगा जन्मला. राज्य बुडालं तेव्हा ज्या घरांचं सगळ्यांत जास्त बुडालं, त्यांतलं हे एक घर. जुनं वैभव आठवून कढ काढत बसायचा हक्क कुणाला असेल तर तो या मुलाला होता. त्याने मोठेपणी लिहिलं ते मात्र, हे राज्य आपल्याच हातांनी का बुडालं, याबद्दल.

मार्च १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची पत्रं येऊ लागली. 'प्रभाकर' भाऊ महाजन चालवत. १८४१ साली त्यांनी ते काढलं होतं. पत्रं १८५० पर्यंत चालली आणि भरली एकशे आठ. तीच ही 'शतपत्रे'. लिहिणारा पंचविशीतला, सरकारी नोकर, सरदारांच्या एजंटच्या कचेरीत दुभाष्या. विषय म्हणाल तर एकही सुटलेला नाही. विधवांचे हाल, बालविवाह, अर्थ न कळता वेद पाठ करणं, आळस, जातीचा ताठा, विलायती कापडाचा सोस, लग्नातला खर्च, पुण्याच्या ब्राह्मणांची ऐतखाऊ वृत्ती. हे लिहिणारा स्वतः पुण्याचा ब्राह्मण होता, चित्पावन होता. पुष्कळदा तो 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हणतो. माझ्या प्रतीत वकीलसाहेबांनी प्रत्येक 'आपण'खाली रेघ ओढलेली आहे. त्या रेघांमुळेच माझं लक्ष तिकडे गेलं.

त्यांचा राग सगळ्यांत जास्त कशावर निघाला हे समजायचं तर दक्षिणेची गोष्ट माहीत हवी, आणि आता ती फारशी कुणाला माहीत नसते. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. दाभाड्यांचा जोर ओसरल्यावर ही प्रथा पेशव्यांनी पुण्याला आणली आणि वाढवली. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींचं मोठं आवार होतं, त्याला रमणा म्हणत. आजही तिथल्या रमणा गणपतीच्या नावात ते टिकून आहे. श्रावणात देशोदेशींचे ब्राह्मण पुण्याला येत, रमण्यात शिरत आणि दारातून एकेकाच्या हातावर पैसे ठेवून त्यांना बाहेर सोडलं जाई. सुरुवातीला यात विद्येची परीक्षा होती, शास्त्र्यांना त्यांच्या अभ्यासाप्रमाणे जास्त मिळे. पुढे पुढे विद्या मागे पडली आणि ब्राह्मण म्हणून जन्मला एवढंच पुरे झालं. हजारो माणसं रमण्यात दाटीवाटीने उभी राहत. नुसत्या जन्मासाठी पैसे मिळतात, हे एका शहराने पिढ्यान् पिढ्या पाहिलं.

राज्य गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही रक्कम कमी केली, पण लोकांना दुखवायला नको म्हणून वर्षाला ५०,००० रुपये चालू ठेवले. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच विचारातून. आणि मग १८४९ साली पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला: या दक्षिणेतला पैसा मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, आणि देताना जात पाहू नका. अर्ज करणारे बहुतेक ब्राह्मणच. गावात आकांत झाला. बहिष्काराच्या धमक्या आल्या, मारहाणीची भाषा झाली. त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले, असं जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या दक्षिणेतला पैसाही कधी मिळाला नव्हता, ती माणसं अर्जदारांच्या रक्षणाला उभी होती. मला हे चित्र फार मोठं वाटतं. पुण्यात याचं एखादं स्मारक असायला हवं होतं.

लोकहितवादींनी शतपत्रांत या दक्षिणेवर कोरडे ओढले. अर्जाचं फळ म्हणून पुढे दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. पण दोष एका अर्जाने जात नाही. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीने ते नाकारलं. तिथल्या भट सभासदांपुढे युरोपियनांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. जात पाहू नका असं मागून जो पैसा वळवला, तिथेही जात पुन्हा येऊन बसली. म्हणून सांगणाऱ्याला पुन्हा सांगावं लागतं, आणि ऐकणारे म्हणतात, याला दुसरं कामच नाही.

लोकहितवादींवर तेव्हा एक आक्षेप असा येई की, इंग्रज वर बसलेला आहे, मिशनरी आपल्या धर्माची निंदा करत गल्लोगल्ली फिरताहेत, आणि अशा वेळी घरातली उणीदुणी तुम्ही चव्हाट्यावर मांडता. हा आक्षेप हलका नाही. परका हसतो तेव्हा आपल्या माणसाचं बोलणंही टोचतं. पण शतपत्रं कुठल्या भाषेत लिहिली ते पाहा. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, दुभाष्याचीच नोकरी होती. साहेबाची शाबासकी हवी असती तर त्यांनी इंग्रजीत लिहिलं असतं. त्यांनी मराठीत लिहिलं, मराठी माणसाने वाचावं म्हणून. आणि नुसतं लिहून थांबले नाहीत. पत्रं सुरू झाली त्याच १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी उभी राहिली, तिच्या खटपटीत ते पुढे होते. आज ती पुणे नगर वाचन मंदिर म्हणून चालू आहे. अर्थशास्त्राची ओळख मराठी माणसाला व्हावी म्हणून 'लक्ष्मीज्ञान' लिहिलं. जाडंभरडं का होईना, आपल्या देशात विणलेलं कापड वापरा, असं त्यांनी सांगितलं, आणि स्वदेशीची चळवळ तेव्हा पन्नास वर्षं लांब होती. हिंदुस्थानच्या लोकांचं पार्लमेंट असावं आणि त्यात सगळ्या जातींची माणसं बसावीत, ही मागणीही शतपत्रांतच आहे. काँग्रेस जन्माला यायला तेव्हा सदतीस वर्षं होती.

त्यांचं चुकलं नाही का? चुकलं. इंग्रजांचं राज्य ही ईश्वराची योजना आहे, आपण शहाणे होईपर्यंत ते राहील आणि मग आपोआप जाईल, असं त्यांना वाटत होतं. हे वाक्य वाचताना मला आजही त्रास होतो. राज्य आपोआप जात नाही. माझ्या आजोबांच्या पिढीने इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारात सातारा जिल्ह्यात जे सोसलं ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. पण त्याच लोकहितवादींनी १८७६ साली 'हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याची कारणे' या नावाचं पुस्तक लिहिलं. देश गरीब का झाला, हा प्रश्न त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. १८९२ साली ते वारले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त लोकहितवादींना फार कडक शब्दांत झोडपलं. स्वतःच्या लोकांना इतकं टाकून बोलणाऱ्याला अभिमान कसला, असा त्यांचा सूर. शाळेत असताना मला शास्त्रीबुवांचंच पटे. त्यांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध इंग्रज सरकारने त्यांच्या मागे जप्त केला, म्हणजे सरकारला तो झोंबला होता. शास्त्रीबुवांचं देशावरचं प्रेम खोटं म्हणायची माझी छाती नाही. फक्त आता या वयात मला त्यांना एक विचारावंसं वाटतं. बाहेरच्याने केलेला अन्याय तुम्हाला जितका स्पष्ट दिसला, तितका घरातला का दिसला नाही? शिवाय जोतीरावांच्या लिखाणावरही त्यांनी तीच लेखणी चालवली, आणि हे मला माफ करता येत नाही.

आता ओढ्याकाठच्या स्मशानाबद्दल लिहितो, कारण या सगळ्या वाचनाची गाठ माझ्यापुरती तिथेच बसते.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. काळी ट्रंक, दोन पदकं आणि गुडघ्याचं दुखणं घेऊन घरी आले. दर १५ ऑगस्टला ते पदकं लावून शाळेत जात. त्यांच्या शेजारी महार रेजिमेंटमधले एक हवालदार उभे राहत, आमच्याच गावच्या खालच्या आळीचे. आम्ही पोरं त्यांना हवालदारकाका म्हणायचो. दोघेही १९७१च्या लढाईला होते, वेगवेगळ्या ठिकाणी. झेंडावंदन झालं की दोघं एसटी थांब्याजवळच्या हॉटेलात चहा प्यायचे आणि सीमेवरच्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. दोघांना सलाम एकच होता, झेंडा एकच होता.

हवालदारकाका गेले ते आषाढात. दोन दिवस पावसाची झड लागली होती. ओढ्याला पाणी आलं होतं, काठावर चिखल, वर आडोसा नाही. वरच्या स्मशानातली शेड कोरडी होती. माझे वडील त्या वेळच्या पुढाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, "याला वर न्या. हा फौजेतला माणूस आहे." उत्तर मिळालं, "नवा पायंडा कशाला पाडायचा, आबा?" शेवटी खालीच, ताडपत्री धरून सरण रचलं. रॉकेल ओतलं तरी लाकडं पेटेनात. वडील गुडघ्याचं दुखणं घेऊन रात्री उशिरापर्यंत त्या चिखलात उभे होते, आणि ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं. पुढच्या १५ ऑगस्टला वडिलांनी पदकं लावली नाहीत. झेंड्याला सलाम मात्र केला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात खाली घेतला नाही.

गावाची अब्रू म्हणतात ती त्या रात्री चिखलात गेली. मी ग्रामसभेत बोललो त्याने ती गेली नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते माझं गाव आहे, तिथली काळी जमीन, भैरोबाची यात्रा, यात्रेतलं सासनकाठीचं नाचणं, सगळं माझं आहे. म्हणून ते दुसरं स्मशानही माझंच आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी तोच ठराव पुन्हा मांडणार आहे, या वेळी लेखी, आणि खाली चौदा सह्या आहेत. त्यांतल्या पाच वरच्या आळीच्या आहेत.

हे वाचणाऱ्याला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तुमच्या गावात स्मशानं किती आहेत, आणि पावसात शेड कुणाच्या वाट्याला येते, ते स्वतः चालत जाऊन पाहून या.