ॲनिमेच्या घरगुती आवृत्त्या : डबिंग आणि मूळ ध्वनी यांचा वाद

ॲनिमे या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या जपानी सचेतन चित्रपटांच्या व मालिकांच्या ज्या आवृत्त्या घरी पाहण्यासाठी फितींवर आणि पुढे तबकड्यांवर विकल्या गेल्या, त्या प्रेक्षकाच्या भाषेत डब करून पाहणे इष्ट, की मूळ जपानी संवाद अबाधित राखून पडद्याच्या तळाशी उपशीर्षके वाचत पाहणे इष्ट, याविषयी रसिकांत चालत आलेला वाद. त्याचे मुख्य क्षेत्र अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे असून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याला धार आली आणि माध्यमे पालटत गेली तरी तो मिटला नाही. वरवर पाहता तो अभिरुचीचा वाटतो; परंतु कलाकृतीत रदबदल करण्याची मुखत्यारी कोणाची आणि ती अविकृत मिळण्याचा हक्क कोणाचा, हाच प्रस्तुत नोंदकाराच्या मते त्यातील खरा प्रश्न आहे.

डबिंगविषयीचा अविश्वास अकारण नव्हता. ‘ॲस्ट्रो बॉय’ १९६३ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर दिसू लागली ती मुलांची करमणूक म्हणूनच, आणि पात्रांची नावे बदलणे, नकोसे प्रसंग गाळणे, जपानी पाट्या व रीतिरिवाज दृष्टीआड करणे हा अशा मालिकांच्या बाबतीत व्यापाराचा शिरस्ताच होऊन बसला. १९८५ साली तर परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या तीन मालिका एकत्र जोडून आणि त्यांचे कथासूत्र नव्याने लिहून ‘रोबोटेक’ ही ८५ भागांची एकच मालिका उभी करण्यात आली. त्याच वर्षी हायाओ मियाझाकी यांच्या ‘नाउशिका’ या चित्रपटातून वीसएक मिनिटांचा भाग कापून उरलेला चित्रपट ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने प्रसृत झाला. ‘रोबोटेक’मुळेच असंख्य तरुणांना ॲनिमेची गोडी लागली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे, पण ज्यांना गोडी लागली तेच पुढे मूळ कृतींचा शोध घेऊ लागले आणि आपल्यापर्यंत काय पोहोचले नाही हे कळताच डबिंग व काटछाट ही दोन्ही त्यांच्या लेखी एकच झाली.

व्हीएचएस फितीच्या काळात या वादाला अर्थकारणाने खतपाणी घातले. फितीवर व्यवहारात एकाच भाषेचा ध्वनी सामावत असे; त्यामुळे प्रकाशकाला दोन्ही पक्षांचे समाधान करायचे तर दोन वेगळ्या फिती काढाव्या लागत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ॲनिमेइगो या संस्थेने प्रारंभी उपशीर्षकांचा पक्ष धरला, तर ‘रोबोटेक’चे कर्ते कार्ल मॅसेक यांच्या स्ट्रीमलाइन पिक्चर्सने सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे तर इंग्रजी बोलण्यावाचून गत्यंतर नाही, या विचाराने डबिंगचा. उपशीर्षकांच्या प्रती कमी खपत, म्हणून एकाच चित्रपटाची उपशीर्षकांची फीत डब केलेल्या फितीपेक्षा काही डॉलरांनी महाग पडे. वस्तुतः डबिंगचा खर्च कितीतरी अधिक असूनही ग्राहकाने मूळ ध्वनीसाठी जादा दाम मोजावेत, हा प्रकार मूळ ध्वनीच्या पुरस्कर्त्यांना फार जाचे. जे अधिकृतपणे मिळत नसे ते हौशी मंडळी स्वतःच सिद्ध करीत. अमिगा संगणकाला जोडलेल्या एका उपकरणाच्या साह्याने चालू चित्रावर अक्षरे उमटवून नवी फीत तयार होई आणि कोरी फीत व टपालखर्च पाठवणाऱ्यास तिची प्रत मिळे. प्रतीवरून प्रत निघता निघता रंग पसरत, अक्षरांच्या कडा विरघळत, आणि तरीही ती अस्पष्ट ओळ लोक डोळे ताणून वाचत. मालकी हक्काच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष नव्हता, हे खरे. मात्र त्यामागील निष्ठा निर्विवाद होती.

डीव्हीडी तबकडीवर ध्वनीचे ८ आणि उपशीर्षकांचे ३२ प्रवाह साठवण्याची सोय असल्याने हा वाद आता निकालात निघेल, अशी अपेक्षा होती. ती पुरती फळाला आली नाही. मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ची अमेरिकी तबकडी २००० साली केवळ इंग्रजी ध्वनीसह येणार असे जाहीर होताच रसिकांनी तक्रारींचा तगादा लावला, आणि प्रकाशन लांबणीवर टाकून तीत जपानी ध्वनी समाविष्ट करणे वितरकांना भाग पडले. मोनोनोकेच्या इंग्रजी संहितेवर नील गेमन यांच्यासारख्या लेखकाने परिश्रम घेतले होते. तेव्हा हा रोष डबिंगच्या दर्जाविषयी नव्हता, तर निवडीची मुभा नाकारल्याविषयी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशी मुभा नाकारण्यामागे कधीकधी जपानी हक्कधारकांचीच अट असे. जपानात दोन-तीन भागांची एकेक तबकडी भारी किमतीला विकली जाते. ब्ल्यू-रे तबकड्यांसाठी केलेल्या जगाच्या वाटणीत जपान व अमेरिका एकाच विभागात आल्यावर स्वस्त अमेरिकी तबकड्या जपानी ग्राहक मागवतील, ही भीती रास्त होती. सबब काही तबकड्यांवर जपानी ध्वनी लावताच उपशीर्षके बंद करता येणार नाहीत अशी योजना केली गेली, आणि ‘पर्सोना ४’ मालिकेच्या अमेरिकी ब्ल्यू-रेवरून तर जपानी ध्वनीच वगळण्यात आला.

दोन्ही ध्वनी मिळू लागले तेव्हा रसिकांचे कान अधिक चिकित्सक झाले. मूळ संवादांचे स्वतंत्र भाषांतर न करता डबिंगचीच संहिता उपशीर्षकांच्या जागी छापणे, ही लबाडी त्यांनी त्वरित ओळखली. कारण पात्र गप्प असतानाही खाली वाक्य उमटे. उलट ‘ड्रॅगन बॉल झी’च्या २००७ पासूनच्या संचांत जपानी संवाद, जपानी संगीतासह इंग्रजी संवाद आणि अमेरिकेत नव्याने रचलेल्या संगीतासह इंग्रजी संवाद, असे तीन पर्याय दिले गेले. जपानीत गोकू या बलाढ्य नायकाचा आवाज मासाको नोझावा या अभिनेत्रीचा, तर इंग्रजीत तो भरदार पुरुषी. ज्याने बालपणी जो ऐकला त्याला तोच गोकू वाटतो, आणि या आपलेपणाला कोणत्याही युक्तिवादाने बाधा येत नाही.

अभिनयाच्या अंगाने विचार करता मूळ ध्वनीच्या बाजूने एक आक्षेप हमखास घेतला जातो, की डबिंगमध्ये ओठ व शब्द जुळत नाहीत. तो लंगडा आहे. जपानातही संवाद बहुधा चित्रे ठरल्यानंतरच ध्वनिमुद्रित होतात, आणि उघडे, अर्धवट व मिटलेले अशा मोजक्या मुखाकृतींवर काम भागवले जाते. त्या मुखाकृती खऱ्या अर्थाने कोणत्याच भाषेच्या नसतात. १९८८ चा ‘अकिरा’ हा याला प्रसिद्ध अपवाद. त्यात संवाद आधी मुद्रित करून ओठ त्यांबरहुकूम रेखाटले गेले, म्हणूनच त्याचे इंग्रजीकरण दोनदा होऊनही मुखाची जपानी ठेवण प्रत्येक वेळी जाणवते. खरा भेद अन्यत्र आहे : जपानी नट परंपरेने एका दालनात एकत्र उभे राहून परस्परांना उत्तर देतात, तर अमेरिकेत एकेक नट काचेच्या खोलीत एकटाच बोलतो आणि त्या तुकड्यांतून संवाद जुळवला जातो. असे असूनही ‘काउबॉय बीबॉप’चे इंग्रजी डबिंग, विशेषतः स्टीव्ह ब्लम यांचा नायक, कट्टर मूळवाद्यांनीही वाखाणले. शिवाय ज्यांना पडद्यावरील मजकूर वाचता येत नाही अशा अंध व्यक्तींना आणि लहान मुलांना डबिंगच ॲनिमेचे दार उघडते. त्याला कमअस्सल ठरवणाऱ्यांनी या प्रेक्षकांचा विचार क्वचितच केला आहे.

मूळ भाषा नेहमी जपानीच असते असेही नव्हे. जपानी चित्रपटकार युगो साको आणि मुंबईचे सचेतनकार राम मोहन यांच्या सहयोगातून १९९० च्या दशकारंभी सिद्ध झालेल्या ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’चे मूळ संवाद इंग्रजीत होते, तरी भारतीय प्रेक्षकाला तो चित्रपट अरुण गोविल यांचा आवाज लाभलेल्या हिंदी डबिंगमुळेच आपला वाटला.

वादाचे अलीकडचे वळण ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ने दाखवले. १९९० च्या दशकात फितींवर आलेल्या तिच्या इंग्रजी डबिंगची पुष्कळ टीकाकारांनी हेटाळणी केली होती. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने नवे भाषांतर व नवे नट घेऊन ती मालिका दाखवताच त्याच जुन्या आवाजांसाठी रसिकांनी गाऱ्हाणे मांडले. २०२१ साली अमेरिकेत निघालेल्या ब्ल्यू-रे संचांपैकी साध्या संचात नवे डबिंगच आहे. जुने इंग्रजी आवाज हवे असणाऱ्यास महागडा संच घ्यावा लागतो.